जरा अवकाश द्या

'अवकाश' हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. डोक्यावरच्या अथांग पोकळीला अवकाश म्हणायचं आणि हाताशी असलेल्या सवडीलाही अवकाशच म्हणायचं. 'गाडीला अजून अवकाश आहे' असं कुणी म्हटलं की माणूस निवांतपणे आणखी एक चहा सांगतो. ज्या पूर्वजांनी जागा आणि वेळ या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बसवल्या, त्यांचा हिशेब बहुधा असा असावा, की जिथं जागा भरपूर तिथं सवडही भरपूर, आणि जिथं दोन्ही भरपूर तिथं एका माणसानं दुसऱ्याला धक्का मारायचं काही कारणच उरत नाही.

हिशेब तसा चोख होता. फक्त पूर्वजांनी कॉम्प्युटरवरचे खेळ पाहिले नव्हते. माणसाला अख्खं अवकाश आंदण दिलं, त्यात वर सूर्य-तारे घातले, तरी तो पहिल्याच दिवशी दुसऱ्याच्या अंगावर जाऊन आदळतो, याचा पुरावा गेल्या साठहून अधिक वर्षांत भरपूर साठला आहे. लढायांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले, राजघराण्यांचे लिहिले गेले, पण धक्क्याचा इतिहास माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा तो लिहिण्याचं काम मीच अंगावर घेतलं आहे. माझी पात्रता एवढीच, की माझा भाचा हे खेळ खेळतो आणि मी त्याच्या मागं खुर्ची टाकून बसतो. क्रिकेटवर लिहिणाऱ्यांतल्या पुष्कळांची पात्रता याहून जास्त नसते.

तर आरंभ करू १९६२ पासून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, पीडीपी-१ नावाचं एक यंत्र येऊन पडलं होतं. किंमत सुमारे १ लाख २० हजार डॉलर. एवढ्या किमतीच्या यंत्राकडून काय काम करून घ्यावं याचा काही तरुणांनी गंभीरपणे विचार केला, आणि तरुणांनी गंभीरपणे विचार केल्यावर जे होतं तेच झालं. त्यांनी त्यावर खेळ बसवला. स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ आणि वेन विटानेन या तिघांच्या डोक्यातून निघालेल्या या खेळाचं नाव 'स्पेसवॉर'. पडद्यावर दोन यानं, एक सुईसारखं आणि एक पाचरीसारखं. दोघांनी एकमेकांवर टॉर्पेडो सोडायचे. मग डॅन एडवर्ड्सनं मधोमध एक सूर्य बसवला आणि त्याला गुरुत्वाकर्षण दिलं. पीटर सॅमसननं मागं खऱ्याखुऱ्या आकाशातले तारे आणून लावले. एका खोलीत, एका पडद्यावर, विश्व तयार झालं.

या विश्वात एका वस्तूचा अभाव होता, आणि आमच्या इतिहासातली सगळी भांडणं त्या अभावातून निघाली आहेत. ती वस्तू म्हणजे ब्रेक. अवकाशात हवा नाही, घर्षण नाही, त्यामुळं एकदा निघालेलं यान निघालेलंच राहतं. थांबायचं असेल तर यान उलटं फिरवायचं आणि पुन्हा तेवढाच जोर लावायचा. म्हणजे 'थांबू या' असं ज्याला पाच मिनिटं आधी वाटतं तोच थांबतो. ऐन वेळी ज्याला वाटतं तो थांबत नाही, तो पोचतो.

दोन यानं एकमेकांवर आदळली की 'स्पेसवॉर'मध्ये दोन्ही फुटत. चूक कोणाची, आधी कोण आलं, हॉर्न दिला होता का, ही चौकशी नाही. ग्रेट्झनं एक पळवाटही ठेवली होती, हायपरस्पेस नावाची. बटण दाबलं की यान असेल तिथून नाहीसं व्हायचं आणि भलत्याच ठिकाणी उगवायचं. समोरून उधारीवाला येताना दिसला की आपण शेजारच्या बोळात शिरतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की या बोळातून बाहेर पडताना आपणच फुटण्याचा धोका होता, आणि जितक्या वेळा शिराल तितका तो वाढे. मुळात यंत्राच्या अंगावरच्या स्विचांनी यानं हाकायची होती. तिथं वाकून वाकून खेळाडूंची कोपरं दुखायला लागली, तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी स्विचांचे वेगळे डबे बनवले आणि खेळणारे आपापला डबा घेऊन ऐसपैस बसू लागले. अवकाशातल्या वाहतुकीची पहिली सुधारणा ही अशी टेबलापाशी झाली.

मात्र रहदारीचे शिष्टाचार म्हणतात ते इथं अजून जन्माला आले नव्हते. कारण उघड आहे. खेळाडू दोनच, आणि तेही एकमेकांचे शत्रू. शत्रूला वाट कोण देतो? शिष्टाचार लागतो तो तिऱ्हाइतासाठी. ज्याच्याशी आपलं वैर नाही, मैत्री नाही, ओळखसुद्धा नाही, पण जो नेमका आपल्या वाटेत आहे, अशा माणसासाठी.

तो तिऱ्हाईत आला १९७२ साली. १९ ऑक्टोबर १९७२ या दिवशी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत 'स्पेसवॉर'चे सामने झाले. नाव 'आंतरदीर्घिकीय ऑलिंपिक', आणि बक्षीस 'रोलिंग स्टोन' मासिकाची एका वर्षाची वर्गणी. नाव आणि बक्षीस यांत इतकं अंतर मी आजवर फक्त साहित्य संमेलनांच्या स्पर्धांत पाहिलं आहे. पण आपल्या कामाचा मुद्दा असा, की इथं एका वेळी पाच यानं पडद्यावर उतरली. पाच यानं म्हणजे प्रत्येकाला एका वेळी एकच शत्रू आणि तीन अडथळे.

आता योगायोग पाहा. बरोबर दुसऱ्याच दिवशी, २० ऑक्टोबर १९७२ ला, लंडनमध्ये समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या नियमांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७७ च्या जुलैपासून तो अमलात आला. त्यात लिहिलं आहे, की दोन यांत्रिक जहाजं समोरासमोर आली तर दोघांनीही आपापल्या उजवीकडं वळावं. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याला दुसरं जहाज आपल्या उजव्या हाताला दिसतं त्यानं वाट द्यावी. विमानांनाही साधारण हेच सांगितलं आहे.

हा नियम वाचायला अगदी बाळबोध वाटतो. पण अरुंद बोळात समोरून येणाऱ्या सभ्य गृहस्थाशी ज्याची गाठ पडली आहे, त्याला याची थोरवी कळेल. आपण सभ्यपणानं डावीकडं सरकतो, तर तोही सभ्यपणानं त्याच बाजूला सरकतो. मग दोघंही हसून दुसऱ्या बाजूला. मग पुन्हा पहिल्या. असा तो नाच चार आवर्तनं चालतो. दोघांच्या मनात सद्भाव काठोकाठ भरलेला असतो, आणि नेमका तोच आड येतो. सद्भावाला आधी ठरलेली एक बाजू लागते. ती उजवी की डावी हा प्रश्न दुय्यम आहे. समुद्रावरच्या लोकांनी ती ठरवून टाकली. अवकाशातल्या खेळाडूंनी काय ठरवलं?

त्यांनी माणसं वाढवली! इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या शैक्षणिक यंत्रणेवर, शिक्षणासाठीच आणलेल्या पडद्यांवर, १९७४ मध्ये जिम बॉवरीनं 'स्पॅसिम' हा खेळ आणला. एका वेळी ३२ जण, वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले, एकाच अवकाशात. पडद्यावरचं चित्र मात्र सेकंदाला सुमारे एकदाच बदले. म्हणजे समोरचा आत्ता कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, तो मघाशी कुठं होता तेवढंच कळणार. सरकारी पत्रव्यवहारावर आम्ही ज्या तत्त्वानं आयुष्य काढलं, त्याच तत्त्वावर ही मुलं यानं हाकत होती.

एवढं असूनही ही मंडळी जरा तरली, कारण अवकाश खरोखरच मोठं होतं. बत्तीस माणसं मोकळ्या माळरानावर सोडली तर ती एकमेकांना शोधूनसुद्धा सापडत नाहीत. माळरानात टक्कर होत नाही. टक्कर व्हायला दार लागतं.

हे दार बांधलं डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी. १९८४ साली बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवर त्यांचा 'एलीट' हा खेळ आला. त्यात आठ दीर्घिका आणि प्रत्येक दीर्घिकेत २५६ ग्रह. या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर नेऊन विकायचा. माल उतरवायचा तो ग्रहाभोवतीच्या स्थानकात. हे स्थानक स्वतःभोवती गरगर फिरत असतं आणि त्याला आत जायला एकच दार असतं, तेही टपालपेटीच्या फटीसारखं आडवं आणि अरुंद. दाराच्या फिरण्याशी आपलं फिरणं जुळवायचं आणि हळूच आत सरकायचं. जमलं नाही तर भिंत आणि समाप्ती. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून आत शिरताना आमच्या पिढीनं कपाळाला टेंगळं आणली, पण तो दरवाजा निदान फिरत तरी नव्हता. ज्यांना हे जमत नसे त्यांच्यासाठी १५०० क्रेडिटला एक आपोआप आत नेणारं यंत्र मिळे. कमोडोर ६४ या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीत ते यंत्र काम करू लागलं की योहान स्ट्राउसचं 'ब्लू डॅन्यूब' वाजायला लागे.

'एलीट' एकट्यानं खेळायचा खेळ होता. दारात तुम्ही आणि तुमचं नशीब. पण एक गोष्ट त्यानं कायमची सांगून ठेवली. विश्व केवढंही असो, सगळ्यांना जायचं असतं एकाच फटीतून. उरलेला इतिहास हा त्या फटीसमोर जमलेल्या गर्दीचा आहे.

गर्दीवर पहिला उपाय केला आइसलंडच्या लोकांनी. ६ मे २००३ ला रेक्याविकच्या सीसीपी या कंपनीनं 'ईव्ह ऑनलाइन' हा खेळ सुरू केला. एकाच विश्वात हजारो माणसं. त्यांनी विचार केला, की दारात गर्दी होणार, धक्के लागणार, मग धक्क्यानं काही होऊच नये, म्हणजे मिटलं! तेव्हा 'ईव्ह'मध्ये यानं एकमेकांवर आदळली तर रबरी चेंडूसारखी उसळतात. ना ओरखडा, ना पोचा, ना खर्च.

वाचकहो, धक्का फुकट झाला की माणूस काय करतो? भाबड्या माणसाला वाटेल, की दुर्लक्ष करून पुढं जातो. छे! तो धक्क्याचा धंदा काढतो.

त्याचं असं, की 'ईव्ह'मध्ये लांबच्या उडीला निघण्यापूर्वी यानाचं तोंड नेमक्या दिशेला असावं लागतं आणि त्या दिशेनं त्यानं आपल्या कमाल वेगाच्या ७५ टक्के वेग गाठावा लागतो. मालवाहू यान म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडासारखं, निघता निघताच वेळ खाणारं. अशा वेळी एखादं चपळ यान येऊन त्याला कुशीत एक ढोसणी देतं. तोंड फिरलं. पुन्हा जुळवाजुळव, पुन्हा ढोसणी. त्या भागात पोलीस आहेत, कॉन्कॉर्ड त्यांचं नाव, आणि तिथं विनाकारण गोळी झाडणाऱ्याचं यान ते हटकून नष्ट करतात. पण ढोसणी म्हणजे गोळी नव्हे. त्यामुळं पोलीस बघत राहतात, ढोसणारा ढोसत राहतो, आणि तोवर त्याचे साथीदार स्वस्तातली यानं घेऊन गोळा होतात. ती यानं नंतर पोलिसांच्या हातून नष्ट होतात, पण त्याआधी मालवाहू यान फुटलेलं असतं. हिशेबात तेच फायद्याचं पडतं.

पुढं २०१२ पासून एका टोळीनं तर खाणकाम करणाऱ्या यानांकडं वर्षाचा परवाना मागायला सुरुवात केली. परवाना असेल तर खणा, नसेल तर ढोसू. आणि हे सगळं त्या मुलखात शिस्त यावी म्हणून! कंपनीनं निर्वाळा दिला, की ढोसणं हा खेळाचाच भाग आहे. एखाद्याचा पाठलाग करून त्याला जागोजाग छळणं मात्र चालणार नाही. पुढं आणखी एक दुरुस्ती आली. तीन मिनिटं निघायची धडपड करूनही ज्याला निघता येत नाही, त्याला तोंड कुठंही असलं तरी निघू द्यावं. तीन मिनिटं! या न्यायानं आमच्याकडचे कितीतरी निरोप समारंभ वेळेवर संपले असते.

'ईव्ह'च्या लोकांनी दुसरी एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केली. एका जागी हजारो यानं गोळा झाली की कॉम्प्युटरला धाप लागते. २०१२ पासून अशा ठिकाणी खेळातला काळच ते मंद करतात, गरज पडली तर दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे एक सेकंद दहा सेकंदांचा होतो. २७-२८ जानेवारी २०१४ ला त्या विश्वात जी प्रचंड लढाई झाली ती अशीच एकवीस तास रेंगाळत चालली होती. तिचं मूळ कारण एका प्रदेशाचा हप्ता वेळेवर भरला गेला नाही हे होतं, पण ते असो. गर्दी झाली तर जागा वाढवता येत नाही, तेव्हा निदान वेळ वाढवावा, हे त्यांना सुचलं. अवकाश या शब्दाचे दोन्ही अर्थ आइसलंडच्या लोकांना कसे कळले, देव जाणे.

दुसरा उपाय इंग्रजांनी केला, आणि इंग्रजांचा उपाय म्हणजे कायदा. डेव्हिड ब्रेबेन यांच्याच कंपनीनं डिसेंबर २०१४ मध्ये 'एलीट डेंजरस' आणला. यात आपली अख्खी आकाशगंगा आहे, ४०० अब्ज तारकामंडलांची. फिरणारं स्थानक तेच, फट तीच, पण आता समोर खरी माणसं. तेव्हा साडेसात किलोमीटरच्या आत येऊन आधी परवानगी मागायची. मग एक ते पंचेचाळीसपैकी एका धक्क्याचा क्रमांक मिळतो. (बंदरातल्या धक्क्यालाही आपण धक्काच म्हणतो, ही आपल्या भाषेची दूरदृष्टी.) फटीच्या एका अंगाला हिरवे दिवे, दुसऱ्या अंगाला तांबडे. आपण हिरव्या अंगानं जायचं. म्हणजे १९७२ साली समुद्रानं ठरवलेली बाजू अवकाशात पोचायला चाळीसहून अधिक वर्षं लागली. दारापाशी उगाच घुटमळलात तर ध्वनिक्षेपकावरून एक सुसंस्कृत आवाज सांगतो, की रेंगाळणं हा गुन्हा असून त्याची शिक्षा मृत्यू आहे. हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झालो. रेंगाळण्याला देहान्त प्रायश्चित्त असतं, तर आमच्या कचेरीतला एकही माणूस पेन्शनीपर्यंत पोचला नसता.

मग वेगाची मर्यादा आली, स्थानकाजवळ सेकंदाला १०० मीटर. त्याहून जोरात जाताना कुणाला धडकलात तर दंड. धडकेत समोरचा फुटला तर खून, आणि मग स्थानकाच्या तोफा तुमच्यावर. इतका निःसंदिग्ध कायदा झाल्यावर सज्जनांनी सुटकेचा निश्वास टाकला.

आणि दुर्जनांनी नियमावली वाचायला घेतली. खेळात पहिलं यान मिळतं ते अगदी चिमुकलं, जवळपास फुकटातलं. ते घेऊन ही मंडळी दारात दबा धरून बसू लागली. एखादं करोडोंचं यान घाईनं बाहेर पडताना मर्यादा ओलांडून निघालं, की हे चिमुकलं त्याच्या नाकासमोर झेप घेई आणि फुटे. कायद्यानं खून झाला. तोफा गरजल्या. मोठं यान मालासकट खलास. मेलेला मात्र पुन्हा नवं यान घेऊन हजर! नवरा मेला तरी चालेल पण सवत विधवा झाली पाहिजे, ही आपली म्हण ४०० अब्ज तारकामंडलांत लागू पडते हे पाहून माझा ऊर भरून आला.

म्हणजे धक्का फुकट ठेवला तर त्याचा धंदा होतो, आणि धक्क्याला फाशी ठेवली तर त्या फाशीचा धंदा होतो. मग ही विश्वं चालतात तरी कशी? रोज हजारो यानं त्या फटीतून जातात-येतात, आणि बहुतेक सुखरूप जातात.

हे मी भाच्याकडूनच शिकलो. एकदा तो दाराच्या बाहेर एका अंगाला थांबला होता. हिरवा दिवा समोर, फट मोकळी.

मी म्हटलं, "अरे, थांबलास कशाला? घाल की आत."

"मामा, आतून मोठं यान येतंय. त्याला थांबता येणार नाही. मी छोटा आहे, मला येतं."

"तुझ्या ओळखीचा आहे का कोणी?"

"नाही. पण माणूस आहे. हे बघ, रडारवर पोकळ खूण दिसतेय ना? भरीव खूण म्हणजे कॉम्प्युटर, पोकळ म्हणजे माणूस."

माणूस पोकळ आणि यंत्र भरीव, यावर मी काही तत्त्वज्ञान सांगणार होतो, तेवढ्यात ते अजस्र यान फट जवळजवळ भरून टाकत बाहेर आलं. जाताना त्यानं एक निरोप टाकला. इंग्रजी ओ आणि त्याला चिकटून सात. मला वाटलं काही बिघाड झाला. भाचा म्हणाला, "अहो, सलाम आहे तो. ओ म्हणजे डोकं, सात म्हणजे कपाळाला लावलेला हात." आणि त्यानंही तेच दोन आकडे टाकून उत्तर दिलं. कोण होता, कुठल्या देशातला, कुणास ठाऊक. ज्याला थांबणं सोपं त्यानं थांबावं आणि ज्याला वाट मिळाली त्यानं सलाम करावा, एवढा हा कायदा. तो कुठल्याही कंपनीनं केलेला नाही, म्हणून कुठल्याही दुर्जनाला त्यात फट सापडलेली नाही.

कुणी म्हणेल, हे खेळातलं झालं, खऱ्या अवकाशाशी याचा काय संबंध? खऱ्या अवकाशाची हकिगत ऐका. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटरवर अमेरिकेचा चालू असलेला इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ हे दोन उपग्रह एकमेकांवर आदळले. सेकंदाला ११ किलोमीटरहून अधिक वेगानं. तुकडे झाले ते हजारांनी, आणि त्यांतले पुष्कळ अजून वर फिरताहेत. तिथं फुटलेल्याला नवं यान मिळत नाही. २ सप्टेंबर २०१९ ला युरोपच्या एओलस उपग्रहाला स्पेसएक्सच्या एका स्टारलिंक उपग्रहाच्या वाटेतून बाजूला व्हावं लागलं. दोघांत ईमेल चालू होती, पण धोका वाढल्याचा निरोप कंपनीच्या सूचनायंत्रणेतल्या दोषामुळं ड्यूटीवरच्या माणसापर्यंत पोचलाच नाही. आणि १८ ऑक्टोबर २०२१ ला आपल्या चांद्रयान-२ नं चंद्राच्या उत्तर ध्रुवावर अमेरिकेच्या एलआरओ यानाशी होणारी जवळीक टाळण्यासाठी आपली कक्षा बदलली. दोन्ही संस्थांनी आधी बोलून घेतलं होतं, आणि सरकायचं ते इस्रोनं सरकायचं ठरलं. बातमी ऐकून भाच्यानं विचारलं, "मग नासानं ओ-सात टाकला का?"

समुद्राला १९७२ चा नियम आहे, आकाशाला आहे. त्याच्यावर मात्र समोरासमोर आलं तर कुणी कुठल्या बाजूला व्हायचं, हे सगळ्यांना बांधील असेल असं कुठं लिहिलेलं नाही. तूर्त तिथला सगळा कारभार एकमेकांना वेळेवर कळवण्यावर आणि समोरच्याच्या भलेपणावर चालला आहे. त्या अरुंद बोळातल्या दोन सभ्य गृहस्थांसारखाच. फक्त इथं गृहस्थांचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर आहे आणि दोघांनाही ब्रेक नाही. तेव्हा जे कोणी तिथले नियम लिहायला बसतील, त्यांनी त्याआधी कुठल्यातरी भाच्याच्या मागं खुर्ची टाकून आठवडाभर बसावं, अशी माझी शिफारस आहे. पण ते लवकर व्हायला हवं. वर रोज नवी यानं चालली आहेत, आणि अवकाश अफाट असलं तरी आता फारसा अवकाश उरलेला नाही.